निळ्या विजारीची कुळकथा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहबाईंनी महिन्यापूर्वी मला सांगितलं, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोला. विषय आवडीचा घ्या, पण लोणच्या-मुरंब्यांचा नको, तो गेल्या वर्षी झाला." मी म्हटलं, "मग जीन्सवर बोलते." त्या माझ्या पाचवारीकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं असेल, आता ही बाई लेकीसुनांच्या पोशाखावर ताशेरे झोडणार. तेव्हा आधीच सांगून टाकते, तसा माझा काही विचार नाही. ज्यानं त्यानं आपल्याला सोईचं घालावं. लोकलच्या गर्दीत साडी सावरत मी तीस वर्षं शाळेत जा-ये केली. मला तर विजारीचा हेवाच वाटत आला आहे. मला बोलायचं आहे ते त्या कापडाच्या पोटात काय असतं, त्याविषयी.

झालं असं, की गेल्या दिवाळीला नातीनं नवी जीन्स आणली. किंमत साध्या दोन जीन्सइतकी. सुनेनं भुवया उंचावल्या, तशी नात म्हणाली, "आई, ही साधी नाहीये. ही बांबूची आहे. पर्यावरणपूरक!" बाहेर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकत होती, तिच्यावर हिरवं पान आणि बांबूचं बेट. आता मी शाळेत शास्त्र आणि शिवण असे दोन्ही विषय शिकवलेली. कापड हाती आलं की उलटं करून बघायची खोड जात नाही. कमरेच्या आत शिवलेली बारीक पट्टी होती, ती चष्मा लावून वाचली. कापूस ६८ टक्के, व्हिस्कोस ३० टक्के, इलास्टेन २ टक्के. बांबू कुठेच नाही!

नातीला वाटलं, दुकानदारानं फसवलं. पण फसवणूक असलीच तर ती इतकी सरळ नव्हती. बांबू त्यात होता, पण कसा होता? तुम्ही कुरडया करता ना? गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून पाडायचा. कुरडई गव्हाचीच, पण तिच्यात गव्हाची ओंबी शोधून सापडायची नाही. व्हिस्कोसचं तसंच आहे. बांबू असो, निलगिरी असो, आणखी कुठलं लाकूड असो, त्याचा लगदा करायचा, तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड या द्रव्यांनी पातळ करायचा, आणि बारीक भोकांच्या चाळणीतून आम्लात सोडायचा. धागा तयार. आपल्या शेजारी शहाडला रेयॉनचं सूत निघतं ते याच जातीचं, तेव्हा कल्याणकरांना हे अगदीच परकं नाही. यातलं कार्बन डायसल्फाइड मोठं वाईट. ते सतत श्वासात गेलं तर कामगारांच्या मज्जातंतूंवर आणि हृदयावर परिणाम होतो, हे वैद्यकात जुनं झालेलं ज्ञान आहे. म्हणजे झाड कितीही सोज्ज्वळ असलं, तरी झाडापासून सुतापर्यंतची वाट सोज्ज्वळ असेलच असं नाही. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानं २००९ साली काही विक्रेत्यांना याच कारणासाठी धारेवर धरलं. बांबूपासून केलेलं रेयॉन नुसतं 'बांबू' म्हणून विकू नका, असा दम भरला. २०१३ साली काही मोठ्या दुकानांना दंडही झाला.

याच लगद्यापासून धागा काढायची एक बरी रीतही आहे. तिला लायोसेल म्हणतात. तिच्यात वापरलेलं विद्रावक जवळजवळ सगळंच्या सगळं परत गोळा करून पुन्हा वापरतात. तेव्हा पट्टीवर 'व्हिस्कोस' आहे की 'लायोसेल', एवढं तरी बघावं. बांबूचं बेट बघून काही कळत नाही.

असो. एका पट्टीनं माझी झोप उडवली आणि मी जीन्सच्या कुळाचा शोध घ्यायला बसले. मूळ विजार अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांची. जेकब डेव्हिस नावाचा नेवाडातला शिंपी होता. कामगारांचे खिसे वारंवार उसवतात म्हणून तो खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटा मारू लागला, आणि त्याला कापड पुरवणारे लेव्ही स्ट्रॉस यांच्याबरोबर त्यानं २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. पण मला खरी गंमत वाटली ती 'डंगरी' या शब्दाची. असल्या जाड कापडाच्या विजारींना इंग्रजीत डंगरी म्हणतात, आणि तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला असं मानतात. तिथे जाडंभरडं सुती कापड विकायचं, गलबतांवर चढायचं. सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याची नोंद आहे. म्हणजे या विजारीची एक आत्या तरी आपल्या डोंगरीची.

आणि ते डोंगरी कापड कशाचं असे? आपल्या देशी कापसाचं. आखूड धाग्याच्या, पावसावर येणाऱ्या. इथे मला माझ्या माहेरी जावं लागतं.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. आमच्या घरी कापूस हेच पीक आणि कापूस हीच चिंता. आजोबांच्या वेळी देशी वाण होतं. बोंड लहान, धागा आखूड, पण रसशोषक किडी त्याच्या वाटेला फारशा जात नसत. पुढे लांब धाग्याचं अमेरिकन वाण आलं, मग संकरित आलं, आणि २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. थोड्याच वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त रान बीटीखाली गेलं. बोंडअळी मरते म्हणून फवारणी कमी होईल, असं सांगितलं होतं. पहिली काही वर्षं झालीही. मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, रसशोषक किडी तर होत्याच, आणि फवारे पुन्हा पाठीवर चढले.

२०१७ चा पावसाळा तुम्हाला वर्तमानपत्रातून आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो माणसं रुग्णालयांत पडली. त्या शेकड्यांत माझा धाकटा भाऊ होता. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यावर वाढली होती. फवारा वर धरून मारावा लागे, आणि वाऱ्यानं सगळं अंगावर, तोंडावर, डोळ्यांत. तोंडाला बांधलेला रुमाल तो काय अडवणार? संध्याकाळी त्याला मळमळ सुटली, रात्री दिसेनासं झालं. मी इथून गाडीनं निघाले, पोहोचायला दुसरी दुपार झाली. खाटेवर तो हात बांधलेला पडला होता, झटके देत होता म्हणून. बाराव्या दिवशी घरी आला. दृष्टी परत आली, पण पूर्वीची नाही. अजून सुईत दोरा ओवायला नातवंडांना हाक मारतो.

भगिनींनो, कापसाचं कापड 'नैसर्गिक' असतं असं आपण सहज म्हणतो. मीही वर्गात तीस वर्षं तसंच शिकवलं. कृत्रिम धागा वाईट, सुती चांगला. त्या खाटेजवळ बसल्यावर मला माझाच धडा अपुरा वाटला.

मग सेंद्रिय कापूस. रासायनिक खत नाही, विषारी फवारा नाही, जनुकं बदललेलं बियाणं नाही. ऐकायला किती छान. भावानं २०१८ पासून नऊपैकी दोन एकरांवर हे करून बघितलं. आधी बिगर-बीटी बियाणं मिळेना. मग शेणखत, निंबोळी अर्क, जिवामृत, सगळी मेहनत भावजयीच्या अंगावर. जिथे एकरी सहा क्विंटल यायचा तिथे पहिल्या वर्षी साडेतीन आला. आणि खरी मेख पुढेच आहे. जमीन रसायनांतून मोकळी होईपर्यंतची दोन-तीन वर्षं तो कापूस सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे पिकवायचा सेंद्रिय रीतीनं आणि विकायचा साध्या भावानं. मी फोनवर मोठ्या बहिणीच्या थाटात त्याला धीर देत होते. तो म्हणाला, "बाई, कापूस तर दोन्ही पांढराच दिसते ना! त्याच्यावर का माहं नाव लिहिलं रायते?"

त्याच्या या प्रश्नाला उत्तर म्हणून तर ती प्रमाणपत्रं निघाली. त्यातलं 'गोट्स' नावाचं जगभर मानतात. त्याच्या नियमानं नुसतं 'सेंद्रिय' लिहायचं तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय हवा; ७० टक्क्यांवर असेल तर अमुक टक्के सेंद्रिय धागा आहे, असं लिहावं लागतं. शिवाय रंगाई-धुलाईची रसायनं, सांडपाणी, कामगारांची वागणूक याचीही तपासणी असते. पण जिथे भाव आला तिथे खोटेपणाही आला. २०२० साली खुद्द गोट्सनंच जाहीर केलं, की भारतात वीस हजार टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. जगातल्या सेंद्रिय कापसाचा सर्वांत मोठा वाटा आपल्या देशाचा. आणि त्यात ही लबाडी. ती बातमी मी भावाला सांगितली नाही. त्या वर्षी त्यानं दोनातला एक एकर परत नेहमीच्या पिकाला देऊन टाकला होता. एक एकर मात्र हट्टानं ठेवला. तो आजही आहे.

आता पाण्याचं सांगते, कारण कल्याणातल्या बायकांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. लेव्ही स्ट्रॉस कंपनीनं २०१५ साली आपल्या एका विजारीचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. सारं मिळून ३,७८१ लिटर पाणी. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अडीचशे हंडे! त्यातले ६८ टक्के कापूस पिकवण्यात, आणि २३ टक्के आपण घरी ती धुण्यात. अर्थात कापसाचं पाणी सगळीकडे सारखं नसतं. माझ्या माहेरी आभाळातून येईल तेवढंच. वाळवंटी मुलखात कालव्याचं पाणी पाजून वाढवलेल्या कापसाची गोष्ट वेगळी. सेंद्रिय म्हटलं म्हणून पाणी कमी, असं आपोआप होत नाही.

म्हणून मग लोकांनी कापसाखेरीज दुसऱ्या झाडांकडे पाहायला सुरुवात केली, आणि इथे मला फार आनंद झाला, कारण ती झाडं आपल्या स्वयंपाकघरातली निघाली. तुम्ही जवसाची चटणी करता. लिनन नावाचं ते महागडं, उन्हाळ्याचं कापड जवसाच्याच झाडाच्या सालीचं. आपण बियांसाठी बुटकं वाण पेरतो, युरोपात धाग्यासाठी उंच वाण पेरतात, एवढाच फरक. तुम्ही अंबाडीची भाजी करता, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. त्याच अंबाडीच्या काड्या आमच्याकडे नाल्यात दगडाखाली दाबून कुजवत, मग साल ओढून वाख काढत, आणि वाखाचे कासरे, दोर वळत. कुजण्याचा तो वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही! पोळ्याला बैलांचे कासरे नवे असत ते या वाखाचे.

जीन्ससाठी सध्या ज्याचा बोलबाला आहे तो भांगेचा वाख. हसू नका. शिवरात्रीची भांग आणि ही भांग एकाच जातीची असली, तरी धाग्यासाठी पेरतात त्या वाणात नशेचं द्रव्य नाममात्र असतं. आपल्याकडे अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे, त्यातही धाग्यासाठी लागवड करू देण्याची मुभा सरकारला आहे; उत्तराखंडानं २०१८ साली तसा पहिला परवाना दिला. हे झाड दाट वाढतं, तणाला डोकं वर काढू देत नाही, फवारा फारसा मागत नाही. दोष एकच, वाख राठ. कापसाच्या यंत्रावर तो कातता येत नाही. मग त्यातला डिंकासारखा भाग काढून, तंतू सुटे आणि आखूड करून त्याला कापसासारखा मऊ करतात. लेव्ही स्ट्रॉस कंपनीनं २०१९ साली असा सुमारे तीस टक्के वाख कापसात मिसळून जीन्स बाजारात आणल्या. पण हा मऊपणा कशानं आणायचा, यंत्रानं, वाफेनं की सोड्यानं, आणि त्याचं सांडपाणी कुठे सोडायचं? पुन्हा तीच वाटेची गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं अशा कापडाचा तुकडा पाठवला आहे, तो मागच्या टेबलावर आहे.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो देशी कापूसच. डेनिमचं सूत जाडं लागतं. त्याला लांब धाग्याचा नाजूक कापूस हवाच असं नाही. जो आखूड धागा म्हणून आपण गिरण्यांसाठी नापास केला, तो या जाड्या विजारीला चालण्यासारखा आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं देशी कापसाची वाणं काढली आहेत. आमच्या त्या एक एकरात यंदा तेच आहे. एकट्याच्या कापसाला वेगळा गिऱ्हाईक नाही, ही रड अजून कायम आहे, आणि ती माझ्या भाषणानं मिटणार नाही.

आता रंग. तो सांगितल्याशिवाय कथा पुरी होत नाही, कारण त्याचं पाणी आपल्या दारावरून गेलं आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला रसायनानं विरघळती करावी लागते. सूत त्यात बुडवून वर काढलं की ते पिवळट हिरवं असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. मी वर्गात हा प्रयोग करत असे. मुलं टाळ्या पिटत. उभे धागे निळे, आडवे पांढरे, म्हणून जीन्स आतून पांढुरकी. नीळ धाग्याच्या वरवरच बसते, गाभा पांढराच राहतो. त्यामुळे ती झिजली की फिकी पडते. चंपारणच्या १९१७ च्या लढ्यातली नीळ ती झाडाची. त्याआधी वीस वर्षं, १८९७ साली, जर्मनीत कारखान्यातली नीळ विक्रीला आली होती, आणि आजच्या बहुतेक जीन्स तिच्यातच रंगतात. तेव्हा विजारीचा धागा सेंद्रिय असला तरी रंग झाडाचा असेलच असं धरून चालू नका.

आणि नवी विजार जुनी दिसावी हा जो हव्यास आहे ना, तो मला कधी कळला नाही. त्यासाठी ती दगडांबरोबर घुसळतात, रसायनं फवारतात. तुर्कस्तानात वाळूचा मारा करून ती घासत. ती धूळ छातीत जाऊन तरुण पोरं सिलिकोसिसनं मेली, तेव्हा २००९ साली तिथे त्यावर बंदी आली. आपल्या शेजारी उल्हासनगरात घरोघर जीन्स शिवतात. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं पाणी वालधुनीत जाई. अंबरनाथचं शिवमंदिर जिच्या काठी उभं आहे ती ही वालधुनी. मी ती पुलावरून निळी पाहिली आहे. शाईची दौत लवंडल्यासारखी. पुढे त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पुष्कळ कारखाने बंद करावे लागले, आणि तिथे काम करणाऱ्या बायकांचा रोजगार गेला. त्यांतली एक आमच्याकडे पोळ्यांना येऊ लागली. एका नदीमागे किती घरं असतात, ते तिच्याकडून कळलं.

हे सगळं मी नातीपुढे एका रविवारी मांडलं. ती बिचारी रडकुंडीला आली. म्हणाली, "आजी, मग मी घालू तरी काय?" मी म्हटलं, "जी घातली आहेस तीच. झिजेपर्यंत." लेव्हीवाल्यांचाच हिशेब बघा, धुण्यात अठ्ठावन्न हंडे जातात. जीन्स दर वापराला धुवायची वस्तू नव्हे. उलटी करून, सावलीत वाळवावी, डाग असेल तेवढाच पुसावा. गुडघ्याला फाटली तर आतून तुकडा लावावा. मशीनला सोळा नंबरची सुई घाला, चौदाची मोडते, मी दोन मोडल्या. अगदी विटली की पिशवी होते, ओट्याचं पुसणं होतं, गोधडी मात्र करू नका, पांघरलेला माणूस दबून जाईल! फक्त त्यात इलास्टेन असेल तर ती कधी पूर्ण कुजत नाही. ताणणाऱ्या जीन्समध्ये ते असतंच. म्हणून पुढच्या वेळी नातीनं न ताणणारी घ्यायची, असं आमचं ठरलं आहे. ती ऐकेल की नाही ते बघू.

पुरे झालं. चहा निवतोय, असं कार्यवाहबाई मघापासून खुणावताहेत. चहाला जाताना मागच्या टेबलाशी जरा थांबा. तिथे चार वस्तू मांडल्या आहेत. भावानं पाठवलेलं देशी कापसाचं बोंड, जवसाची एक वाळकी काडी, भांग-कापसाच्या डेनिमचा तुकडा, आणि अंबाडीचा वाख. काडी मोडून बघा, साल सोलून ओढा, धागा निघतो का बघा. डेनिमचा तुकडा चुरगळून त्यातला राठपणा बोटांना कळतो का, तेही सांगा. मला स्वतःला कळला नाही. वाख तेवढा जपून हाताळा. माझ्या आईनं काढलेला तो शेवटचा आहे, आणि भावाला परत पाठवायचा आहे.